छत्री जरा डावीकडं

आभाळातून ज्याला काही उतरवून घ्यायचं असतं, तो फिरत फिरत शेवटी जुन्नर तालुक्यात येतो. सुरुवात आळ्याच्या रेड्यापासून. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्या आळे गावात आहे. तार नाही, खांब नाही, मेकॅनिक नाही आणि आवाज मात्र स्वच्छ! थेट प्रक्षेपणाची आमच्या भागाशी जोडलेली ही सगळ्यात जुनी गोष्ट. पुढची काही शतकं त्या मानाने शांत गेली. मग १९७१ साली नारायणगावाजवळ आर्वीला उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. शंभर फुटांच्या आसपास व्यासाची थाळी, तिचं तोंड हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे, आणि केंद्राला नाव विक्रम साराभाईंचं. मुंबईतल्या माणसाला लंडनशी बोलायचं असलं की त्याचा आवाज आमच्या शिवारातून वर जायचा आणि लंडनचं उत्तर आमच्याच शिवारात उतरायचं. त्याच काळात नारायणगावातून पुण्याला फोन लावायचा, तर ट्रंक कॉल नोंदवून चहा प्यायला जावं लागे. चहा पिऊन परत आलं की दुसरा चहा.

एवढ्यावर भागलं नाही म्हणून १९९० च्या दशकात खोडदला महाकाय दुर्बीण आली. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कष्टातून उभ्या राहिलेल्या तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. चौदा मधल्या चौकात दाटीने, बाकीच्या सोळा तीन दिशांना जाणाऱ्या तीन रांगांत, गावंच्या गावं ओलांडत पार पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. एसटीतून जाताना उसाच्या शेंड्यावरून अचानक एखादी डोकं काढते आणि नवीन पाहुणा खिडकीत अर्धा बाहेर येतो. आम्ही येत नाही. आम्हाला त्यांचा राग आहे.

कारण एवढ्या छत्र्या दारात असताना आमच्या घरातल्या टीव्हीवर मुंग्या होत्या.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसू लागलं आणि पुणेकरांनी लगेच त्यातल्या मराठीच्या चुका काढायला घेतल्या. आमच्याकडे चुका काढण्याइतकं काही ऐकूच यायचं नाही. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला तर त्यांनी वळसा घालून यावं, अशी त्यांना शिकवण नाही. आणि जुन्नरात डोंगर सोडून वाटेत दुसरं येतं काय? शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, चावंड, हडसर, जीवधन आहेत. शत्रू येऊ नये म्हणून सातवाहनांपासून सगळ्यांनी जी जागा निवडली, तिथे ‘चित्रहार’ तरी कसा येणार?

तरी माणसं हटली नाहीत. मीना नदीच्या काठी आमचा मळा. घराच्या पत्र्यावरून वीस-पंचवीस फुटांचा लोखंडी पाइप वर गेलेला, त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना आणि त्या कांड्यांवर कायमस्वरूपी दोन कावळे. अँटेनाच्या दिशेवरून आमच्या भावकीत दोन पक्ष होते. एक सिंहगडवाल्यांचा, म्हणजे तोंड दक्षिणेला. दुसरा मुंबईवाल्यांचा. सह्याद्री ओलांडून मुंबईचं मूळचं चित्र थेट पकडता येतं, पुण्याहून उसनं घ्यायचं कशाला, असा त्यांचा बाणा होता. दुसऱ्या पक्षाच्या घरात मुंग्या जास्त होत्या, पण त्या मुंबईच्या होत्या.

हा पाइप फिरवायचं काम नानांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं. पत्र्यावर नाना, अंगणात मी, दारात काकू आणि टीव्हीसमोर आजी. नानांनी पाइप जरा हलवायचा आणि ओरडायचं, “आलं का?” मी दाराकडे तोंड करून, “आलं का?” काकू आत वळून, “आलं का, आत्याबाई?” आजी चष्मा पुसायची, पडद्याजवळ जायची, मागे यायची आणि सावकाश निकाल द्यायची, “आलं होतं.” तो निकाल त्याच टप्प्यांनी वर पोचेपर्यंत नानांनी पाइप आणखी वीतभर फिरवलेला असायचा. तीस अँटेना काचतंतूंच्या तारांनी जोडून क्षणाक्षणाचा मेळ घालायचा, ही खोडदच्या शास्त्रज्ञांपुढची मोठी अडचण होती म्हणतात. आमच्याकडे एकच अँटेना होता आणि चार माणसांचा मेळ बसत नव्हता.

त्यातून एक गूढ. नानांनी पाइप हातात धरून ठेवला की चित्र स्वच्छ. सोडला की मुंग्या. माणसाचं शरीर धातूला टेकलं की अँटेनाच्या गुणात फरक पडतो, हे नंतर मला फिजिक्सच्या सरांनी समजावलं. पण तेव्हा घरात एवढंच ठरलं की नानांचा हात चांगला आहे. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं आणि दर रविवारी सकाळी नाना पत्र्यावर पाइप धरून बसू लागले. आख्खी वस्ती आमच्या ओसरीवर, बाया हळदीकुंकवाचं ताट घेऊन आलेल्या, आणि मालक वर. नानांनी रामायण पाहिलं नाही, ते त्यांना वर कळवण्यात आलं. सीतेला पळवल्याचं मी अंगणातून ओरडून सांगितलं तेव्हा ते वरून म्हणाले, “आत्ता कुठं? मघाशी संगीत वाजलं तेव्हाच नाय का नेली?” लक्ष्मणाला शक्ती लागली त्या दिवशी मात्र ते पाइप सोडून खाली यायला निघाले, तेव्हा ओसरीवरच्या साठ-सत्तर माणसांनी एका आवाजात त्यांना परत पाठवलं.

मग मुंग्यांवर औषध म्हणून बूस्टर आला. प्लास्टिकची एवढीशी डबी, पण नाव भारदस्त. बूस्टर चित्र वाढवतो तसा मुंग्याही वाढवतो, हे डबीवर लिहिलेलं नव्हतं. आणि बिघडला की तो आपणच प्रक्षेपण करायला लागतो. आमच्या बूस्टरची कृपा शेजारच्या दोन मळ्यांवर पसरली आणि तिन्ही घरांत एकाच लयीत आडवे पट्टे वाहू लागले. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपायला शास्त्रज्ञांनी भारतभर हिंडून निवडलेली जागा ती हीच. इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी आहे आणि भोवताली डोंगरांची आडोशाची भिंत आहे म्हणून. ते आले तेव्हा आमच्या घरचा बूस्टर उतरला होता, एवढंच मी विज्ञानाच्या वतीने नमूद करतो.

१९९१ च्या आखाती युद्धात थेट बातम्या दिसल्या, मग स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी आलं. आमच्या भागात हे सगळं नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर अशा बाजाराच्या गावांत आलं आणि तिथेच थांबलं. केबलवाल्याला एका गल्लीत शंभर घरं लागतात, आणि आमच्या मळ्यावर शंभर घरांसाठी सात किलोमीटर वायर लागली असती. शिवाय वाटेतल्या दर बांधावर एक वाद. त्यामुळे केबल बघायची म्हणजे नारायणगावात पाहुणे म्हणून जायचं. तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात ते हे गाव. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या द्यायला गावोगावचे पुढारी इथे येतात, त्यामुळे ‘रात्रीच्या कार्यक्रमा’साठी नारायणगावला जाण्याची प्रथा आमच्या पुरुषमंडळींत जुनीच होती. केबलमुळे ती बायकांनाही मोकळी झाली, एवढीच प्रगती.

या सगळ्यांवर मात केली आंबेगाव तालुक्यातल्या माझ्या मामांनी. घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या अलीकडे त्यांचं घर, तिन्ही बाजूंना डोंगर. सिंहगड नाही, मुंबई नाही, मुंग्यासुद्धा धड नाहीत. पण मामा वाचणारे होते. त्यांना कुठेतरी कळलं की उपग्रह विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीच्याच चालीने फिरतो, म्हणून इथून तो एका जागी खिळलेला वाटतो. म्हणजे आडवं बघायचंच नाही, वर बघायचं. डोंगर कितीही उंच असला तरी मामांच्या डोक्यावर नव्हता. मंचरच्या एका केबलवाल्याने काढून टाकलेली बारा फुटी छत्री त्यांनी टेम्पोत घालून आणली.

ती जाळीची होती. लोक बघायला आले आणि हसून गेले. भोकं पडलेली छत्री पैसे देऊन आणणारा माणूस तालुक्यात पहिलाच. मामा प्रत्येकाला थांबवून सांगायचे की, लहर बोटभर लांबीची असली आणि भोक ज्वारीच्या दाण्याएवढं असलं, तर लहरीला ते भोक दिसतच नाही. तिला तो सलग पत्राच वाटतो. खोडदच्या एवढ्या मोठ्या अँटेनासुद्धा केसासारख्या बारीक पोलादी तारेच्या जाळीच्याच आहेत, वारा आरपार जावा म्हणून. आणि १९७५-७६ साली सरकारने अमेरिकी उपग्रहावरून देशातल्या सहा राज्यांतल्या खेड्यांना टीव्ही दाखवला, तेव्हा गावोगाव कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावूनच छत्र्या केल्या होत्या. हे शेवटचं मामींनी ऐकलं आणि लक्षात ठेवलं. त्याचा परिणाम पुढे येईल.

मामांनी होकायंत्र, कोनमापक आणि ओळंबा घेऊन आठवडाभर छत्री लावली. उपग्रह आग्नेयेला, म्हणून छत्री आग्नेयेला. मामींच्या मते आग्नेय दिशा चुलीची, तिथे असलं काही ठेवू नये. शेवटी एका संध्याकाळी चित्र आलं. मुंगी एक नाही! रंग असे की डोळ्यांना त्रास व्हावा. फक्त कार्यक्रम नव्हता, नुसते उभे रंगीत पट्टे होते: पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा आणि पुढे. कुठल्या तरी वाहिनीची चाचणी चालली होती. गाव जमलं. लोकांनी दोन तास पट्टे बघितले. एक म्हातारे म्हणाले, “काय पण साफ हाये!” एकाने विचारलं, “उद्या पण हेच का?” आणि मामांनी अभिमानाने सांगितलं, “रोज.”

आमच्या मळ्यावर ही क्रांती यायला आणखी काही वर्षं गेली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मोफत थेट घरात येणारी सेवा सुरू केली. महिन्याचं भाडं नाही, छत्री आणि डबी एकदाच घ्यायची. तोपर्यंत ज्यांच्यापर्यंत केबल पोचली नव्हती त्या सगळ्या वस्त्या, मळे, ठाकरवाड्या, कातकऱ्यांची घरं यांच्यावर दोन-तीन वर्षांत छत्र्या उगवल्या. शहरातल्या लोकांना घरपोच टीव्ही म्हटलं की दर महिन्याला पैसे कापणाऱ्या कंपन्या आठवतात. आमच्याकडे खरी क्रांती फुकटच्या छत्रीने केली, आणि याचं श्रेय दूरदर्शनला कुणी देत नाही, कारण फुकटच्या वस्तूचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही.

नारायणगावहून डिशवाला आला. एम-एटीच्या मागे छत्री, पुढे छोटा टीव्ही, खिशात होकायंत्र. छत्रीला आधार म्हणून आमच्या घरातल्या आप्पांनी द्राक्षाच्या मांडवाचा उरलेला अँगल दिला. ही छत्री मामांच्या मानाने ताटाएवढी. पण तिची एक खोड होती. उपग्रह चांगला सत्तावन्न अंश वर, आणि छत्रीचं तोंड बघावं तर शेजारच्या नारळाच्या शेंड्याकडे. नानांनी पंधरा वर्षं पाइप धरलेला, ते गप्प कसे बसणार?

“ही खाली बघतीय.”

“नाना, हिची बनावटच तशी. भोंगा मधोमध नसतो, खालच्या बाजूला असतो. दिसती खाली, बघती वर.”

“बायको बघायला गेलो तेव्हा मला पण असंच सांगितलं होतं,” नाना म्हणाले. काकूंनी आतून भांडं आपटलं, त्यावरून आमची ध्वनियंत्रणा सुरळीत असल्याचं कळलं.

डिशवाल्याने एक गोष्ट सांगितली ती नानांना मनापासून पटली. इथे छत्री एक अंश हलली की तिकडे आपली नजर सहाशे किलोमीटर बाजूला जाते. म्हणजे छत्रीवर कोंबडी बसली की आपण पुण्याहून उठून पार नागपूरच्या वाटेला लागतो. आणि त्या पट्ट्यात उपग्रह दोन-दोन अंशांवर उभे, त्यामुळे चुकलो तर भलत्याच्या दारात. नानांनी त्याच दिवशी कोंबड्यांचा रस्ता बदलला.

जुनी साखळी परत उभी राहिली: वर डिशवाला, अंगणात आता माझा पुतण्या, दारात वहिनी, आत आजी. पण आजीचा गोंधळ व्हायला लागला. तिला मुंग्यांची सवय. थोड्या आल्या, जास्त आल्या, ‘माणूस आहे पण कोण ते कळत नाही’, अशा तिच्या चांगल्या सात-आठ पायऱ्या होत्या. डिजिटलमध्ये अधलंमधलं नाही. असलं तर आरसपानी, नसलं तर काळा पडदा. दोन्हींच्या सीमेवर मात्र भयंकर प्रकार होतो. आतून आजी ओरडली, “बाई आली! पण ती चौकोनी आहे!” पुतण्याने वर कळवलं, “चौकोनी बाई!” डिशवाला अनुभवी होता. तो म्हणाला, “बास, आता केसभर डावीकडं,” आणि बाई गोल झाली.

घरात एका दिवसात तीसेक वाहिन्या आल्या. त्यांत ‘सह्याद्री’ होती, म्हणजे ‘आमची माती, आमची माणसं’ आता मुंग्यांशिवाय. टोमॅटोवरच्या करप्याचे ठिपके आप्पांना पहिल्यांदा पडद्यावर ओळखू आले. आधी ते रोगाचे की सिग्नलचे ते कळत नसे. पण दूरदर्शन सगळ्या भारताचं, त्यामुळे त्यात तमिळ होतं, कन्नड होतं, तेलुगू होतं, काश्मिरी होतं. आजीने पहिल्या आठवड्यात सगळीकडे फेरफटका मारला आणि ‘पोदिगै’ या तमिळ वाहिनीवर मुक्काम ठोकला. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. तिचं म्हणणं, त्यामुळेच कळतं. “ती हिरव्या लुगड्याची थोरली सून. हिचा नवरा परदेशात. ही गजरेवाली नणंद, हिच्या मनात काळं आहे. आता बघ, दूध उतू जाणार.” आणि दूध उतू जायचं. एकदा सुट्टीत मी चेन्नईत नोकरी केलेल्या मित्राला घरी आणलं. त्याने अर्धा भाग बघून आजीला सांगितलं की, ही नणंद नाही, वकील आहे आणि हा जमिनीचा खटला चाललाय. आजीने त्याला जेवायला वाढलं, पण तूप वाढलं नाही.

आमचे आजोबा त्या डबीवर आकाशवाणी ऐकायचे. टीव्हीच्या समोर खुर्ची घेऊन, एकटक, निळ्या पडद्याकडे बघत. त्यांच्यामागे ओळीने पोरं बसलेली, रेडिओ संपायची वाट बघत.

छत्रीचे शत्रू तीन. एक पाऊस. नाणेघाट, माळशेजच्या बाजूला आषाढात आभाळ फाटतं. लहान छत्रीवरच्या लहरी इतक्या आखूड असतात की पावसाचे थेंबच त्यांना खाऊन टाकतात. तेव्हा पाऊस आला की निरुपयोगी होणारी छत्री फक्त हीच. मामींनी हे ऐकून भीमाशंकरच्या बाजूच्या सगळ्या नातेवाइकांना कळवलं की, घेऊ नका, तिकडे चार महिने आंधळीच. दुसरा शत्रू सूर्य. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि सकाळी अकराच्या सुमाराला चित्र काही मिनिटं जातं. सूर्य स्वतःच रेडिओलहरींचा मोठा भोंगा, त्याच्यापुढे बिचाऱ्या उपग्रहाचं कोण ऐकतो? पण हे वस्तीला पटेना. अकरा वाजता चित्र गेलं की सगळे खोडदकडे बोट दाखवायचे. “त्यांनी ओढून घेतलं.” पाऊस लांबला तरी तेच, “त्यांच्या छत्र्यांनी ढग परतवले.” खोडदच्या दुर्बिणी नुसत्या ऐकतात, काही सोडत नाहीत, हे शास्त्रज्ञांनी अनेकदा सांगितलं. पण जो नुसता ऐकतो आणि काहीच बोलत नाही, त्याच्यावर गावाचा संशय जास्त असतो.

तिसरा शत्रू भारनियमन, त्यावर ट्रॅक्टरची बॅटरी होती. त्यामुळे कधी मालिका व्हायची, कधी नांगरट.

आणि चौथा, जो छत्रीचा शत्रू नव्हता, छत्री फिरवणाऱ्याचा होता. उसात बिबट्या. जुन्नर-आंबेगावात उसाच्या फडात जन्मलेल्या बिबट्यांच्या पिढ्या आहेत, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच काढावं लागलं. एका रात्री क्रिकेटचा सामना ऐन रंगात आला असताना चित्र गेलं. नाना बॅटरी घेऊन शिडीने पत्र्यावर चढले. वारा होता, छत्री सरकली होती. तेवढ्यात गोठ्याकडे कुत्रं एकदा भुंकलं आणि एकदम गप्प झालं. हा आवाज आमच्याकडे सगळ्यांना कळतो. आम्ही आत शिरून दार लावलं आणि खिडकीच्या फटीतून वर सूचना सुरू झाल्या.

“नाना, उतरू नका! बिबट्या आहे!”

“कुठंय?”

“शिडीपाशी!”

थोडा वेळ शांतता. मग आप्पांचा आवाज, “नाना, वर हाईसच, तर जरा डावीकडं घे.”

चित्र आलं. सामना संपेपर्यंत कुणी दार उघडलं नाही. बिबट्या केव्हा गेला ते सांगता येणार नाही, पण शेवटच्या षटकात नाना वरून धावसंख्या विचारत होते.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदची दुर्बीण लोकांसाठी उघडी असते. शाळा-कॉलेजांची पोरं प्रयोग मांडतात, आसपासची गावं जत्रेला यावीत तशी येतात. एका वर्षी पुतण्याचा प्रयोग होता म्हणून नाना गेले. एक तरुण संशोधक माहिती देत होता. तेवढ्यात मधल्या चौकातल्या अँटेना एकदम हलल्या आणि सावकाश, आवाज न करता, एकाच बाजूला वळून थांबल्या. नानांनी आधी सगळ्या माथ्यांवर नजर फिरवली.

“वर माणूस कुठंय?”

“माणूस नाही आजोबा, सगळं नियंत्रण कक्षातून होतं.”

“ओरडतं कोण मग?”

“कुणीच नाही.”

नानांना हे लागलं असावं. त्यांनी पुढचा प्रश्न खालच्या आवाजात विचारला, “मग काय दिसतं यात?” मुलाने मन लावून सांगितलं. विश्वात सगळीकडे हायड्रोजन आहे, त्याची एकवीस सेंटिमीटर लांबीची लहर असते, फार दुरून येते, वाटेत ताणली जाते, फार क्षीण होते, आणि ती पडद्यावर चित्र म्हणून नाही तर खरखर म्हणूनच येते. त्या खरखरीतून खरं काय ते वेगळं काढायचं. तुमच्या जुन्या टीव्हीवर वाहिनी नसली की ठिपके नाचायचे ना, त्यांतलेही थोडे विश्वाच्या आरंभाच्या वेळचेच असायचे.

“म्हणजे मुंग्या,” नाना म्हणाले.

“हो, मुंग्याच म्हणा.”

“आणि चित्र आलं का नाय, हे कळायला किती वेळ लागतो?”

“कधी महिने. कधी वर्षंसुद्धा.”

नाना घरी येऊन म्हणाले, तीस छत्र्या, पंचेचाळीस मीटरच्या, आणि अजून त्यांचं काय आलेलं नाय. त्या दिवसापासून त्यांचा खोडदवरचा राग गेला. वाऱ्याच्या दिवसांत तिथल्या अँटेना सुरक्षेसाठी सरळ वर तोंड करून ठेवतात. तशा दिसल्या की नाना आमची छत्रीसुद्धा एका हाताने दाबून बघतात. धंदेबंधू म्हणून.

आता मळ्यावर मोबाइल आला आणि पोरं टीव्हीकडे फिरकत नाहीत. मामांची बारा फुटी छत्री मामींनी उलटी पाडून तिच्या कडेने विटा लावल्या आणि खाली कोंबड्या ठेवल्या. सरकारने कोंबड्यांच्या जाळीची छत्री केली होती, मामींनी छत्रीचं कोंबड्यांचं खुराडं केलं, हिशेब चुकता. आमच्याकडचा नारायणगावचा डिशवाला आता सीसीटीव्ही लावतो, त्यात मागणी चांगली. गेल्या वर्षी त्याने आमच्या छत्रीच्याच अँगलला गोठ्याच्या दिशेने कॅमेरा बसवला आणि त्याची वायर त्याच टीव्हीला जोडून दिली. पहिल्याच आठवड्यात बिबट्या आला, अंगणातून ऐटीत चालत गेला, शेपूट हलवून बाहेर पडला. सगळ्या वस्तीने मोबाइलवर पाहिला. आमच्या आईने मात्र टीव्हीवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला जेवणं उरकून, पाट मांडून परत समोर बसली. तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिने डिशवाल्याला फोन लावून विचारलं, त्याची वेळ बदलली का, आणि रिपीट कधी असतं.